छत हा नमुना नाही

१९८७च्या एप्रिलात आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडलातल्या एका गावच्या शाळेवर स्लॅब टाकण्यात आला आणि त्याच दिवशी तिथले मुख्याध्यापक नागोराव गुरुजींची नमुन्यांचे रक्षक म्हणून नेमणूक झाली. स्लॅबच्याच मालातून सहा इंची सहा ठोकळे भरले होते. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे, मग आदिलाबादला यंत्रात दाबून बघायचे. ठोकळे टिकले की इमारत पक्की, असा खात्याचा नियम. गुरुजींनी पिंप भरलं, ठोकळे आत सोडले आणि रोज रजिस्टरात सही करू लागले.

तिसऱ्या दिवशी दौलत मिस्त्रीनं त्यांचे कान टोचले.

"गुरुजी, सिमेंट वाळून घट्ट नाई होत, पानी पिऊन होते. ठोकळे डुंबून राह्यले अन् स्लॅब उन्हात तहानला मरून राह्यला."

गुरुजींना हे ठाऊक होतं. सिमेंट पाण्याशी मिळूनच खडी-रेतीला धरून ठेवतं. पाणी आधीच उडालं तर ती पकड अर्धवट राहते. जूनपासून त्या छताखाली त्यांची मुलगी भागीरथा बसणार होती. त्यांनी छतासाठी पाण्याचा टँकर मागितला. उत्तर आलं, पाण्याची तरतूद नमुन्यांपुरती आहे. छत हा नमुना नाही.

मग छतालाच नमुना समजावं, असा अर्ज गुरुजींनी केला. खात्यानं त्याचा सहानुभूतीनं विचार केला. छत सहा इंची मापात बसवून आदिलाबादला पेश केल्यास खात्याची हरकत नव्हती.

आता गुरुजींचं डोकं फिरलं. त्यांच्या सांगण्यावरून शेजारच्या द्वारकाबाईनं आळीतल्या बाया जमवल्या आणि हापशावरच्या घागरी शिडीनं स्लॅबवर चढू लागल्या. आठवड्याच्या आत मेमो आला. छतात मंजुरीबाहेरची मजबुती आढळल्यास ती कोणाच्या हुकुमानं आली, याचा जवाब सात दिवसांत दाखल करावा. नाहीतर नोकरीचा फेरविचार होईल. गुरुजींच्या बापानं जन्म दुसऱ्याच्या शेतात राबून काढलेला. घरातला पहिला पगार गुरुजींचा. त्यांनी बायांना परत पाठवलं, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

ठोकळे यंत्राला पुरून उरले. इकडे स्लॅबवर झाडू मारला की सूपभर रेती निघत होती, पण झाडूची नोंद घ्यायला रजिस्टरात रकाना नव्हता. इमारत उत्कृष्ट असल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकाची सही लागत होती. गुरुजींनी ती वळणदार अक्षरात केली.

जूनमध्ये शाळा भरली. द्वारकाबाईनं आपल्या पंचफुलाला पहिल्या ओळीत बसवलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"गुरुजी, तुमची भागीरथा काऊन दिसून नाई राह्यली?"

"तिले आदिलाबादले मामाकडं ठेवली. तिकडची शाळा बरी हाय."

द्वारकाबाईनं एकदा वर पाहिलं, एकदा पोरीकडे. दुसरी शाळा तिच्याजवळ नव्हती. गुरुजी मान खाली घालून हजेरी घेऊ लागले.

नागोराव गुरुजींना नावं ठेवायची असतील तर जरूर ठेवा. त्याआधी तुमच्या गावच्या सरकारी शाळेचं छत कसं आहे, तेवढं सांगा. माहीत नसेल, तर तुमची मुलं कुठं शिकतात ते तरी.