भिंतीबाहेरचं गेज

तायडे फोरमन बोलता बोलता खडूने गोल काढायचे. कशावरही. अकोल्याच्या बर्फाच्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो, तेव्हा माझ्या टेबलावर, चहावाल्याच्या किटलीवर, एकदा तर शेठच्या मोटारीवरही त्यांचा गोल उमटला होता. "अठी एक गेज पायजे," असं म्हणायचे आणि आत खरंच काटा हलत असल्यासारखे त्या गोलाकडे बघत राहायचे.

यामागे कारण होतं. आमचा कॉम्प्रेसर जुना, त्यावरची दाब-तापमान दाखवणारी गेजं निकामी. दोन उन्हाळ्यांपूर्वी अमोनियाची नळी फुटली, तेव्हा तायडेंनाच बेशुद्ध बाहेर काढावं लागलं होतं. पुष्कळ विनवण्या झाल्यावर शेठ नवी गेजं मागवायला तयार झाले. पण तीनच. कोणती, ते तायडेंनी ठरवायचं होतं.

झालं, माणूस हरवला. बाहेर डांबर वितळायचं, आत बर्फाच्या लाद्यांवरून गार धुकं सरपटायचं, आणि हे भुशाच्या पोत्यावर बसून यंत्राकडे टक लावून. "आत येनाऱ्या वायूचा दाब पाहू का बाहीर जानाऱ्याचा? तेलाचा तं पायजेच. अन् डोकं किती तापलं, थे कोन सांगन?"

"कोणाचं डोकं? शेठचं?" मी विचारायचो.

ते हसायचे नाहीत. "मशीन सोसते बाप्पा. बोलत नाही."

एके दिवशी शेठसमोर निकाल लागला. एक तेलाच्या दाबाचं, एक तापमान दाखवणारं आणि एक बाहेर जाणाऱ्या वायूच्या दाबाचं. "पन हे शेवटचं मोठ्या तबकडीचं पायजे. अन् थे बाहीरच्या भिंतीवर, कामगारांच्या क्वार्टरांच्या बाजूनं."

"मशीन अंदर अन् गेज बाहेर?" शेठ उडालेच. "काटा पाहायला उन्हात जाणार?"

"जाईन न जी. दर घंट्याले जाईन."

"आत बसवा. नाहीतर दोनच मागवतो."

"मंग दोनच मागवा. तापमानाचं राहू द्या, डोकं मी हात लावून पाहीन. पन भिंतीवरचं पायजे."

मला राग आला. इतके दिवस डोकं खाल्लं, आणि आता स्वतःचा जीव वाचवणारं गेज सोडून देतो! बाहेर येताच मी त्यांना खडसावलं.

तायडे भिंतीपाशी थांबले. मग म्हणाले, "आमच्या घरचीले आयकू येत नाही, बाबू. लहानपनापासूनच. क्वार्टरातल्या बायांले मशीनचा आवाज येते. आवाज चालू हाय, म्हनजे आपला मानूस बरा हाय. तिले काय येते? मले खाटेवर घालून नेलं, तवा थे आंगनात मूग निवडून राहिली होती. खाट समोर आली तवा कयलं तिले."

मी तसाच मागे फिरलो आणि शेठना सगळं सांगितलं. गेजं तीन आली.

मोठं गेज भिंतीवर चढलं त्या दुपारी तायडे भर उन्हात काटा पाहायला बाहेर आले. काटा थरथरत होता. समोरच्या अंगणातून त्यांच्या बायकोने आधी तो पाहिला, मग नवऱ्याला. ऊन लागेल, आत जा, असं तिने हातानेच बजावलं.

तायडे हलले नाहीत. काटा वाचायला फार अवघड असल्याचा आव आणून ते तिथेच उभे राहिले.