खोकेवाले पागेजी

लग्नात मिठाईचा डबा हातात पडला की लोक झाकण उघडून आत काय आहे ते बघतात. पागेजी डबा उचलून त्याचा तळ बघतात. मग कोपरा अंगठ्याने दाबतात, पुठ्ठ्यावर टिचकी मारून आवाज ऐकतात आणि वधूपित्याला बाजूला घेऊन सांगतात, "भिया, बर्फी चांगलीच असणार, पण डब्यात दम नाही. गाडीत एकावर एक रचू नका." वधूपित्याचं लक्ष तेव्हा मुलीच्या पाठवणीकडे असतं. तो मान हलवतो आणि पागेजी समाधानाने पंगतीकडे वळतात.

सांवेर रोडवर पागेजींचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे. इंदूरची शेव, औषधं, पंख्यांची पाती, असं बरंच काही त्यांच्या खोक्यांत बसून बाहेरगावी जातं. आयुष्यभर हेच केल्यामुळे त्यांना माणसंही तशीच दिसतात. हा किती दाब सोसेल, ओलीत टिकेल का, हे ते पहिल्या भेटीत ठरवून टाकतात. आमच्या प्राचार्यांना एकदाच भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले, "प्रोफेसर भिया, छपाई जोरदार आहे. पण थर एकच." पुढे वर्षभरात मला त्याचा अनुभव आला.

मी मूळचा नाशिकचा. नोकरीसाठी इंदूरला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात डेंग्यूने दवाखान्यात पडलो. घरचे येईपर्यंत जवळ कोणी नव्हतं. शेजारच्या दिघेबाईंनी मराठी मंडळात फोन केला आणि तासाभरात पागेजी एक खोकं छातीशी धरून दारात उभे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'नाजूक माल' छापलेलं. आत टॉवेल, मग, साबण, बिस्किटं आणि लांबलचक वायरचा चार्जर. मंडळातर्फे ते हेच काम करतात. ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात आहेत अशी माणसं दवाखान्यात भरती झाली की पागेजी कारखाना सुटल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसतात.

"चिंता नका करू, मी इथेच बसलेला आहे," असं मला सांगून ते खुर्चीत टेकले आणि घोरायला लागले. मी जागाच. सलाईन बदलायची वेळ झाली तेव्हा मीच त्यांना उठवलं. पण सिस्टर सुई घेऊन आली तसे ते ताडकन उभे राहिले. "सिस्टर, माल नाजूक है. जरा आरामसे." ती हसली आणि खरंच हलक्या हाताने सुई टोचली.

दिघेबाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. पागेजींचं मराठी ऐकलं की त्यांच्या कपाळावर आठी चढे. पागेजी म्हणत, "बाई, मी आत्ताच पहुंचलो." बाई म्हणत, "पोहोचलो." "हां, तेच. गाडी साईडला लगावली आणि आलो." "लावली." मग बराच वेळ दोघंही आपापल्या आशेवर बसून राहत. बाईंची आशा अशी की कधीतरी पागेजी शिकतील. पागेजींची आशा अशी की कधीतरी बाई कंटाळतील.

मग एका सकाळी बाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा नितीन कॅनडात असतो. तो आला, रजेपुरता राहिला आणि परत गेला. जाताना पुण्याच्या एका वृद्धाश्रमात आईची जागा ठरवून गेला. बाई सगळ्याला हो म्हणाल्या. पुण्याला हो, घर विकायला हो, दवाखान्यातल्या पचपचीत खिचडीलासुद्धा हो.

त्या आठवड्यात पागेजी मला कॉलेजच्या फाटकाशी भेटले. चेहरा उतरलेला.

"प्रोफेसर भिया, गडबड आहे. बाई मला टोकतच नाहीत. काल मी मुद्दाम चुका केल्या. 'मी तुम्हाला दवाई खिलवतो' म्हणालो. चुपचाप तोंड उघडलं त्यांनी."

"थकल्या असतील."

"थकलेला माणूस चिडतो. ह्या चिडत नाहीत. आतून दबल्यात त्या."

संध्याकाळी त्यांनी दवाखान्याच्या बोळातून नितीनला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारी होतो. मला वाटलं, आता पागेजी त्याला चार शब्द सुनावणार. पण नितीनच आधी बोलला. "पागेकाका, मला कळत नाही का? तिला तिथून हलवणं मला बरं वाटतंय का? पण एकटी ठेवू कशी? इथे आणलं तर घरात बंद. सांगा ना मी काय करू."

फोन पागेजींच्या हातात थोडा खाली गेला, म्हणजे नितीनला बहुतेक त्यांच्या शर्टाचं बटणच दिसत असावं. मग ते म्हणाले, "परदेशीपुऱ्यात माझं घर आहे. खालचा मजला रिकामाच पडलाय. पायरी नाही, काही नाही. बाईंना विचारून बघतो."

खालचा मजला मुळीच रिकामा नव्हता. पागेजी स्वतः तिथेच राहत होते. वर नुसती अडगळ होती.

बाईंना विचारायला आम्ही दोघं आत गेलो. पागेजींनी खोली, खिडकी, दिवसभर असणारी मोलकरीण, सगळं मालाची यादी वाचावी तसं सांगितलं. बाई छताकडे बघत ऐकत होत्या.

"मी काय तुमची जिम्मेदारी नाही," शेवटी पागेजीच म्हणाले. "म्हणजे, तुम्ही माझी जिम्मेदारी नाही. म्हणजे..."

"जबाबदारी," बाई म्हणाल्या.

पागेजी माझ्याकडे वळले. डोळे चमकत होते.

"एक अट," बाई म्हणाल्या. "घरात धड मराठी बोलायचं."

"कोशिश करतो."

"प्रयत्न."

"तो पण करतो."

रविवारी सामान हलवायला मी गेलो. पागेजींनी आपला पलंग, कपडे, देव सगळं वर नेलं होतं. खाली आतल्या खोलीचं दार फक्त बंद होतं. त्यांनी ते उघडलं, खिडक्या ढकलल्या. धूळ उडाली. खोलीत एक रिकामी खाट आणि भिंतीला लावलेलं कपाट, एवढंच.

"मालती इथेच गेली," ते चादर झटकत म्हणाले. मालती म्हणजे त्यांची पत्नी. ती गेल्याचं मला माहीत होतं, कशी ते नव्हतं. "झोपेतच. मी सकाळी उठलो. तिची झोप मोडू नये म्हणून दिवा नाही लावला, चपला हातात घेऊन बाहेर गेलो. कारखान्यात दुपारी फोन आला. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेली असणार."

त्यांनी चादरीची टोकं गादीखाली खोचली, एकदा सारखी करून पुन्हा खोचली. "खिडकी पूर्वेची आहे," ते म्हणाले. "बाईंना वाचायला उजेड होईल."

बाई तिथे राहायला गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. पागेजींचं मराठी सुधारलेलं नाही. बाई मात्र त्यांना 'अरे पागे' म्हणू लागल्या आहेत आणि परवा माझ्यादेखत "गाडी साईडला लगाव" असं म्हणून स्वतःच चमकल्या.

गेल्या रविवारी मी पोहे घेऊन सकाळी लवकरच गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बाई वॉकर धरून स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. मी बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तो अजून उतरला नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "रोज सकाळी येतो आणि जिन्यात उभा राहतो. खाली येत नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग एकदा मला ठसका लागला आणि हा धडाधडा उतरून आला. तेव्हा लक्षात आलं, हा कान लावून उभा असतो."

मालतीबाईंबद्दल त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

वर दाराची कडी वाजली. पावलं जिन्याच्या वळणापर्यंत आली आणि थांबली. बाईंनी गाळणी खाली ठेवली, आवाज वरपर्यंत जावा म्हणून मान जरा उंच केली आणि खोकल्या.