डबा पास होईपर्यंत

तो डबा मी पिशवीत घालून आणायला हवा होता. दोन किलोचा, काळाकुट्ट, वर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र असलेला प्रोटीन पावडरचा डबा मी छातीशी धरून, भर दुपारी, गुलाबरावकाकांच्या ओट्यासमोरून आणला. खामगावात इतकी वर्षं राहून एवढी अक्कल मला असायला हवी होती.

"काय हाय बे प्रकाश ते?" ओट्यावरून आवाज आला.

"वैशूसाठी हाय काका. पोलीस भरतीचं मैदान आहे ना पोरीचं, महिन्याभरात. तिच्या सरांनी सांगितलं."

"आन इकडं."

गुलाबरावकाका आमच्या शेजारचे. घरात एकटेच. जन्मभर एका जिनिंगमध्ये कापूस पारखायला होते. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस मुठीत दाबायचा आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे पाहून विचारायचं, "पानी कवा मारलं?" रिटायर होऊन बारा-पंधरा वर्षं झाली, पण हात अजून ढिगातच आहे. दूधवाल्याला ते आधी त्याच्याच कॅनमधलं दूध प्यायला लावतात. केळी हुंगल्याशिवाय घेत नाहीत. मागे डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, तर म्हणाले, "साहेब, एक तुमी घ्या, एक मी घेतो." डॉक्टरांनी घेतली म्हणे. सगळ्याला एकच वाक्य: "माल पाह्यल्याशिवाय गाडी खाली होत नाही."

तर डब्याचं सील काकांनी माझ्यादेखत फोडलं. कोपरापर्यंत हात जाईना, म्हणून चार बोटं घातली. पावडर मुठीत दाबली, मूठ उघडली. गोळा तसाच राहिला.

"ओल हाय."

"काका, कापूस नाही तो."

"म्हनूनच तर. कापसाले झाड असते. याले काय हाय?" डब्यावरच्या दंडाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. "यानं हेच खाल्लं कशावरून? अन् यात कोनती दवाई मिसळली असली, पोरगी तपासनीत धरल्या गेली, तर? नमुना ठेवून जाय."

नमुना म्हणजे चिमूटभर, असं मला वाटलं. काकांनी अख्खा डबा आत नेला. माझ्या हातात पावडर मापायचा प्लास्टिकचा चमचा तेवढा उरला.

घरी वैशूनं आधी चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, लिंबू-चमच्याची भरती आहे का?" बायकोनं चमचा माझ्या हातातून घेऊन मिठाच्या बरणीत टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी ओट्यावर हजर. "झालं का काका?"

"बस. चहा घे. तपासनी सुरू हाय."

चहा घ्यायचा, कोणी कोणत्या साली कापसाच्या गाठोड्यात दगड घातला ते ऐकायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. पण दोनच दिवसांत काका खांदे मागे टाकून चालताहेत, असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवरून पाळत ठेवली. काका अंगणात उभे. हातात दुधाचा पेला. त्यात पोह्याच्या चमच्यानं पावडर ढवळली, एका दमात पेला रिकामा केला आणि स्वतःचा दंड दाबून पाहिला.

"म्हातारा बॉडी बनवून राह्यला," मी खाली येऊन बायकोला सांगितलं. "पोरीचं मैदान तोंडावर आलं, अन् हे पंच्याहत्तरीत पैलवान."

"मग आना ना डबा."

त्या दिवसापासून मी रोज भांडायला जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. आठव्या दिवशी निघताना बायको म्हणाली, "आज चहा न पेता या."

काका न्हाणीत होते. डबा फडताळात दिसला. न सांगता उचलावा म्हणून हात घातला, तर वर भिंतीवर कॅलेंडर. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं.

पहिला दिवस: एक चमचा खाल्ला. पोट ठीक. दुसरा: झोप लागली, छाती धडधडली नाही. तिसरा: माल पास. वैशूले चालते.

त्यापुढे पावडरचं नावच नव्हतं. प्रकाश आला, चहा घेतला. प्रकाश आला, अर्धा तास बसला. आला, घाईत होता. आला, दोन कप. आजचा चौकोन कोरा होता.

मागं काका टॉवेल घेऊन उभे होते, ते मला उशिरा कळलं.

"तिसऱ्याच दिवशी पास झाला होता माल," मी म्हणालो.

"हाव." काका कितीतरी वेळ कान पुसत राहिले. "पोरीच्या आधी कोनी तरी खाऊन पाह्यलं पायजे ना." मग डबा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "ने. दुधात घे म्हना, पान्यात नको. चहा ठेवू का? का घाईत हायेस?"

मी घाईत नव्हतो.

घरी डबा वैशूच्या हवाली केला. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा ओळखला. मग मी तिला सगळं सांगितलं, कॅलेंडरपर्यंत. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"उद्यापासून आपलं वाटीभर वरन नेत जा तिकडं," ती म्हणाली. "म्हना, तपासून द्या. अन् लवकर पास करू नका म्हना."