पेशी जपणारे काका

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले जनार्दनकाका प्रत्येक घास बत्तीस वेळा चावतात. मोजून! मध्येच मी बेल वाजवली तर दार उघडून हातानेच ‘थांब’ म्हणतात, आकडा पूर्ण करतात आणि मग विचारतात, "बोल पोरी."

काका मूळचे इथलेच, पेणकरपाड्याचे. त्यांच्या भातशेतीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. खाडीच्या ताज्या मासळीवर वाढलेला हा माणूस आता मासळीला शिवत नाही, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र गिळतो. भात बंद, साखर बंद, संध्याकाळी सहानंतर फक्त पाणी. सकाळी शेवग्याच्या पाल्याची पावडर, जवस आणि नावं वाचतानाच मला धाप लागते अशा नऊ गोळ्या. कुणी वडापाव खाताना दिसलं की त्यांचा चेहरा खरोखर घाबरतो. "पेशी मरतात गो!"

पुतण्याच्या हळदीत सगळा पाडा मटणावर तुटून पडला होता आणि काका कोपऱ्यात डब्यातले उकडलेले मूग चावत होते.

"एवढं जगून करायचंय काय, काका?" मी चिडवलं.

"मरायला कोन घाबरतंय? म्हातारा व्हायचं भ्या वाटतं."

मला वाटलं, हौस आहे म्हाताऱ्याची. काकी कधी बाहेर दिसत नसत, तेही यांचंच काहीतरी पथ्य असेल असं मी धरून चालले होते.

उपासाचे तास वाढवत वाढवत काका एके दिवशी जिन्यातच कोसळले. चार दिवस हॉस्पिटलात काढले. काकींची बहीण त्यांच्याजवळ येऊन राहिली. सोमवारी मीच काकांना रिक्षाने घरी आणलं, पण मजल्यावर येताच त्यांनी स्वतःच्या दाराकडे पाठ फिरवली. गालांवर पांढरीशुभ्र दाढी वाढली होती.

"आज सलून बंद. तुझ्याकडं दाढी करू काय?"

आमच्या बेसिनसमोर त्यांनी दोनदा कापून घेतलं.

"काकी तुझी सगला विसरत चाललीय," ते आरशातच बघत म्हणाले. "तिला मी अजून चालीसचाच वाटतो. गेल्या महिन्यात माझ्या भावाला बघून किंचाळली, कोन म्हातारा घरात घुसला म्हणून. रोज सकाली मना वाटतं, आज माझी पाली."

इतके दिवस मी त्यांच्या गोळ्यांना हसत होते याची लाज वाटली.

"कसा दिसतो?"

"चाळीसचे," मी म्हणाले.

त्यांच्या दाराची बेल मीच वाजवली. आतून काकींचा आवाज आला, "कोन हाय?"

काकांनी माझा हात घट्ट धरला.

"तूच सांग पोरी," ते कुजबुजले. "नवरा आलाय म्हण."