कोळंबी वळेना

"आज संध्याकाळचं जेवण मी करतो," हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, ते मलाही सांगता येणार नाही. सासरे जेवायला यायचे होते. बायको म्हणत होती, बाहेरून मागवू. पण मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता: लसूण-कोळंबी, फक्त दहा मिनिटांत! (व्हिडिओतल्या बाईनं सगळं आधीच सोलून, चिरून वाट्यांत भरून ठेवलं होतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी एकोणिसावी कोळंबी सोलत होतो.)

खरं कारण वेगळंच होतं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. आमची लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी लाल पेनानं तपासली होती. चौदा वर्षांत त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. आमच्याकडे आले की खाली मान घालून जेवतात आणि हात धुऊन निघतात. आपलं नेमकं चुकलंय काय, या विचारानं मी चौदा वर्षं झुरतोय. हसू नका, मला त्यांच्याकडून एक चांगला शब्द खरंच हवा होता.

बायको त्यांना आणायला निघाली, ती मला बजावूनच. "कोळंबी वळली की लगेच गॅस बंद करा. जराही जास्त ठेवू नका."

"कळलं," मी म्हणालो. (हा शब्द मी ऑफिसातही फार वापरतो.)

लोण्यात लसूण टाकला. असा काही वास सुटला, की मी स्वतःवरच खूश झालो. मग कोळंबी टाकली. दोन मिनिटांत ती गुलाबी झाली, आकसली, गोल झाली. पण वळेना! ज्या कुशीवर ठेवली होती, त्याच कुशीवर ढिम्म पडलेली. मी पॅनवर नजर रोखून उभा राहिलो. (माझ्या टेबलावरच्या फायली वर्षानुवर्षं हलत नाहीत. वाट बघण्यात मी कुणाला हार जाणार नाही.)

बायकोचा फोन आला. "वळली का?"

"अजून नाही."

"अजून नाही? मग आच थोडी वाढवा."

वाढवली. दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"आता?"

"एकही नाही. जागच्या हलायला तयार नाहीत."

"अहो, दिसतायत तरी कशा?"

"गोल. बांगडीसारख्या."

पलीकडून दबक्या आवाजात, "अहो, वळली म्हणजे तेच! तुम्हाला काय वाटलं, कूस बदलणार?"

मला अगदी तेच वाटलं होतं.

आता दुसरं काही करायला वेळच नव्हता. दोघं येऊन पानावर बसली आणि मी वाढलं. बायकोनं एक कोळंबी तोंडात टाकली आणि पाणी आणायच्या निमित्तानं ती आत गेली, ती बाहेर येईना. सासऱ्यांनीही एक घेतली. चावली. पुन्हा चावली. त्यांच्या कानशिलांवरच्या शिरा हलताना मला दिसत होत्या. अचानक त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं.

"जावईबापू, आज मनावरचं मोठं ओझं उतरलं."

माझा ऊर भरून आला.

"मुलीचा हात स्वयंपाकात कच्चा. तिच्या हातचं तुम्ही मुकाट्यानं खाता, या शरमेनं मला तुमच्याकडे बघवत नव्हतं हो. पण आज खात्री पटली. पोरगी तुमच्यापेक्षा पुष्कळच बरं करते!"

आणि त्यांनी माझ्या पाठीवर मनापासून थाप मारली. त्यांच्या तोंडात अजून ती पहिलीच कोळंबी होती.