वळचणीतला मांजऱ्या

तंबाखूची चंची काढायला भाऊसोनं वळचणीत हात घातला आणि तिथं झोपलेल्या सापानं त्याचा अंगठा धरला. भाऊसो घाबरला नाही, चिडला. पलटणीतून सुटून आलेल्या लेकासाठी बिराप्पा आज तिसऱ्यांदा भाऊसोच्या लेकीला, अंजनाला, बघायला येणार होता. दोनदा शेवया चापून "बघू" म्हणून गेलेला हा गृहस्थ आज तरी होकार देतो की नाही, याच घोरात सारं घर होतं. आणि चावायला सापाला आजचाच दिवस सापडला!

"आगं बया, फुरसं चावलं ह्यास्नी!" बायकोनं, रंगुबाईनं, हंबरडा फोडला.

"फुरसं न्हवं, मांजऱ्या हाय!" भाऊसो गरजला. "फुरसं वळचणीला चढतंय व्हय? ह्येचं इखाचं दात पार मागं असत्यात. चावत बसंल तवा कुठं जरा इख उतरतं, त्येबी पाल मरण्यापुरतं. बघा की, डोळं मांजरागत, शेपूट चाबकागत!"

पण बघायचं काय? मेव्हण्यानं, सयाजीनं, कुऱ्हाडीच्या दांड्यानं सापाचा पार चेंदा केला होता.

"आता काय वळखायचं?" सयाजी घाम पुसत म्हणाला. "चला दाजी, देवळात."

साप चावलेल्याला बिरोबाच्या देवळात न्यायचं आणि लिंबाचा पाला चावायला द्यायचा, ही गावची रीत. कडू लागला तर माणूस वाचला, नाही लागला तर विष चढलं. चौघांनी भाऊसोला उचललं. तो हातपाय झाडत होता, तर लोक म्हणाले, झटके येऊ लागले.

"पाला कडू लागतोय का, दाजी?"

भाऊसो खरं बोलणारा माणूस. उभा जन्म तंबाखू-चुन्यात गेल्यानं त्याच्या जिभेला चवच उरली नव्हती.

"न्हाई लागत. पर त्येचं कारण..."

कारण कुणाला ऐकायचं होतं? बायकांनी गळा काढला. संतापानं भाऊसोचा चेहरा लालबुंद झाला, तेही विषाच्याच खाती जमा झालं.

एवढ्यात बिराप्पा धापा टाकत देवळात शिरला. भाऊसोचा हात हातात घेऊन तो हुंदके देऊ लागला.

"भाऊसो, लेकीची काळजी मनात घिऊन जाऊ नगंस, गड्या..."

'कुठं जाऊ?' असं ओरडायला भाऊसोनं तोंड उघडलं, आणि मिटलं. सकाळपासून खरं सांगून घसा सुकला, कुणी ऐकलं का? मग आता गप्प राहिलं तर बिघडलं कुठं? त्यानं डोळेही मिटून घेतले.

"अंजना आजपास्नं माझ्या घरची सून. बिरोबाच्या भंडाऱ्याची आण!" बिराप्पानं साऱ्या गावासमोर त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

भाऊसो ताडकन उठून बसला. "मग पावनं, हळद कवा धरायची?"

बिराप्पानं आ वासला. "आरं, तू मरत हुतास न्हवं?"

"मी कवा म्हनलो?"

रंगुबाईनं नाक पुसलं, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आवं, मग मी मगापास्नं कुनाच्या नावानं रडतीया?"