लटारूमामांचं इंग्रजी

लटारूमामांना इंग्रजीत पाणी मागता येत नसे. पण नवशिक्या माणसाला इंग्रजीत काय काय म्हणतात, ते सगळं तोंडपाठ होतं. बिगिनर, रॉ हँड, नोविस, ग्रीनहॉर्न. मी मॅट्रिक झालेला, तिरोड्याहून लाकडाच्या ठेकेदाराकडे नवा कारकून म्हणून आलेला. यातले दोन शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो, हे सांगायला आजही लाज वाटते.

नागझिऱ्याच्या रानात गोरे साहेब वाघाच्या शिकारीला येत. ठेकेदार त्यांची बडदास्त ठेवी आणि गावातली माणसं हाक्याला, म्हणजे ढोल वाजवत जनावर मचाणाकडे हुसकायला, धाडी. मामा हाकेवाल्यांचे म्होरके. जुने साहेब नव्यांची थट्टा करत, तेव्हा मामा कान टवकारून उभे राहत. नवा साहेब मचाणावर चढू लागला की ते त्याची बंदूक धरायची तऱ्हा बघत आणि रांगेत हळूच एक शब्द सोडत. ‘बिगिनर’ म्हणजे झाडाआडून चालायचं. ‘नोविस’ म्हणजे जाड झाडाआडून. ‘ग्रीनहॉर्न’ ऐकलं की धट्टेकट्टे गडीही देवाचं नाव घेत.

“वाघाचं भेव नाई गा,” मामा म्हणत, “वाघ पाहून येते. हा तं पान हाललं का गोळी घालते.”

त्यांच्या घरीही तेच. सुनेनं भात करपवला, तर ती रॉ हँड. मी तर हिशेबाच्या वहीपुढेही ग्रीनहॉर्नच. मी मनातल्या मनात चरफडायचो.

एका सकाळी माणसं कमी पडली आणि ठेकेदारानं मलाच रांगेत उभं केलं. मचाणावर विशीतला साहेब, बोट आधीच चापावर. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कुठलाच शब्द उच्चारला नाही. माझा दंड धरून त्यांनी मला नाल्यापलीकडे एका बेहड्याच्या झाडामागे नेऊन उभं केलं, आणि मचाणासमोरच्या माझ्या जागेवर स्वतः गेले.

ढोल वाजले. झुडूप हललं. बंदूक कडाडली. मी डोळे मिटले ते उघडायची हिंमतच होईना. निघालं होतं सांबर; गोळी मामांच्या डोक्यावरच्या फांदीत घुसली होती.

“माह्या जागी काऊन गेले तुम्ही?” मी जवळजवळ ओरडलोच.

मामांनी मला जवळ ओढलं. म्हणाले, “माहा पोरगा सोमा तितीच उभा होता. गोळी लागली. बुढा सायब बोलला, नोविस हाये. बस, एवढंच. मले वाटलं, कोन्त्या रोगाचं नाव होय. मंग कंपौंडरले इचारलं. तवापासून सारेच शब्द शिकून ठेवले. कोन्ता सायब आला, आधी समजाले पायजे ना.”

बोलताना त्यांचे हात माझ्या पाठीवरून, बरगड्यांवरून फिरत होते.

“मले काई नाई झालं, मामा.”

“हो,” ते म्हणाले, आणि पुन्हा मानेपासून चाचपू लागले.